प्रॉडक्ट टीमचे प्रयोग आणि शिकण्याचा वेग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर प्रॉडक्टच्या कामात मला बरीच वर्षं झाली. त्यातली बहुतेक पुण्यात गेली, किराणा मालाचे घाऊक व्यापारी आणि त्यांच्याकडून माल उचलणारे दुकानदार यांच्यासाठी ऑर्डरचं ॲप बनवण्यात. नव्याने प्रॉडक्ट हेड झालेले सहकारी चहाच्या टपरीवर गाठून जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. क्रम लावलेला नाही. प्रश्न आले तसे घेतले आहेत.

प्रयोग म्हणजे ए/बी टेस्टच ना?

नाही. वापरकर्त्यांचे दोन गट करायचे, दोघांना वेगवेगळं रूप दाखवायचं आणि आकडे ताडून बघायचे, ही झाली ए/बी टेस्ट. तो प्रयोगाचा एक प्रकार आहे, आणि खर्चिक प्रकार आहे. ज्याच्या उत्तरावर तुमचा पुढचा निर्णय बदलू शकतो, अशी मुद्दाम आखलेली कुठलीही चाचणी म्हणजे प्रयोग. पाच दुकानदारांच्या शेजारी बसून ते ॲप कसं वापरतात ते गप्प राहून बघणं हाही प्रयोगच. त्यातलं गप्प राहणं बहुतेकांना जमत नाही.

ए/बी टेस्टची मुळं मात्र शेतात आहेत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी कुठल्या वाफ्याला कुठलं खत द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवायची पद्धत बसवली. वाफ्यांच्या जागी आज वापरकर्ते आले, एवढाच फरक. जाता जाता : भारतात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज यादृच्छिक नमुने घेऊन काढायच्या कामात मोठा वाटा असलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आपल्याकडे ही विद्या सिलिकॉन व्हॅलीतून आली असं समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आम्ही दर दोन आठवड्यांनी ॲपची नवी आवृत्ती रिलीज करतो. म्हणजे आम्ही वेगाने शिकतोच की!

रिलीजवरून माल बाहेर किती वेगाने पडतो ते कळतं. शिकण्याचा वेग बघायचा तर एकच प्रश्न विचारा : गेल्या तिमाहीत रोडमॅपवर (पुढच्या कामांच्या आराखड्यात) पक्कं ठरलेलं कोणतं काम, वापरकर्त्यांकडून काही कळलं म्हणून तुम्ही रद्द केलं किंवा बदललं? एकही आठवत नसेल, तर सहा रिलीज झाले आणि तुम्ही होतात तिथेच आहात. मी हा प्रश्न मुलाखतीतही विचारतो. उमेदवार केलेल्या कामांची यादी सांगायला लागतात. सोडून दिलेलं काम क्वचितच कोणाला आठवतं.

मोजायचंच असेल तर शंका आल्यापासून निर्णय बदलेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. एकदा आम्ही हे फळ्यावर मांडलं. सोमवारी शंका, नवव्या दिवशी रिलीज, तेविसाव्या दिवशी आकडे हातात. आणि निर्णय? बेचाळिसाव्या दिवशी! कारण निर्णय घेणारी रिव्ह्यू मीटिंग महिन्यातून एकदाच, आणि एका महिन्याची तर पुढे ढकललेली. इंजिनीअर मंडळींना 'जरा लवकर करा' म्हणून आम्ही उगाच पिळत होतो. अडलं होतं आमच्याच कॅलेंडरमध्ये. ती मीटिंग बंद करून दर गुरुवारी वीस मिनिटं उभ्या उभ्या बोलायला लागलो. त्याआधी आणि त्यानंतर आणलेल्या कुठल्याही नव्या टूलने आमचे एवढे दिवस वाचवले नाहीत.

कोड न लिहिता प्रयोग होतो, हे सगळे सांगतात. पण नेमका कसा?

नेहमीची उदाहरणं दोन. निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये ऑनलाइन बूट विकायची कल्पना तपासली ती गोदाम न घेता. जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले, ऑर्डर आली की दुकानात जाऊन जोड विकत घेतला आणि पाठवून दिला. पुढे त्याची झॅपोस ही कंपनी झाली. फाइली ऑनलाइन ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये प्रॉडक्ट कसं चालेल ते दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला, आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत सुमारे ५,००० वरून ७५,००० वर गेली.

ही उदाहरणं ऐकून लोक माना डोलावतात आणि जाग्यावर जाऊन पुन्हा कोडच लिहितात. म्हणून आमच्याकडचं जरा सविस्तर सांगतो.

दुकानदार कागदावर माल लिहितो, फोटो काढतो, घाऊक व्यापाऱ्याला व्हॉट्सॲप करतो. आमच्या रोडमॅपवर 'फोटोवरून ऑर्डर' होतं : यंत्राने चिठ्ठी वाचायची आणि ॲपमध्ये ऑर्डर तयार करायची. अंदाज, दोन इंजिनीअर आणि तीन महिने. त्याऐवजी आम्ही वीस दुकानदारांना एक नंबर दिला आणि सांगितलं की सध्या ऑफिसातली माणसं तुमची चिठ्ठी वाचून ऑर्डर टाकतील. दोघी जणी लॅपटॉप घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी एक चिठ्ठी आली. वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत :

साखर २
तेल ५
पोहे जाड १ क.
नेहमीचा चहा

अक्षर मोत्यासारखं. कुठल्याही यंत्राने वाचलं असतं. पण साखर दोन काय? या दुकानदाराचे ते दोन कट्टे, त्याच गल्लीतल्या दुसऱ्याचे दोन किलोचे पुडे. तेल पाच म्हणजे डबे की पाच लिटरचा कॅन? आणि 'नेहमीचा चहा' कुठला, हे अख्ख्या मार्केट यार्डात एकाच माणसाला ठाऊक : त्या पेढीवरचे दिवाणजी, जे तीसेक वर्षं गल्ल्याशेजारी बसून प्रत्येक दुकानदाराचा माल तोंडपाठ करून बसलेले. मी भुसार विभागात जाऊन त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मान वर न करता ब्रँड सांगितला. पुड्याचा आकारही सांगितला. वर म्हणाले, "पण पावसाळ्यात तो अर्धाच उचलतो."

थोडक्यात, अडचण अक्षर वाचण्याची नव्हतीच, आठवणीची होती. तीन महिने खर्चून आम्ही अक्षरं अचूक वाचली असती आणि माल चुकीचा पाठवला असता. दोन आठवडे हाताने टाइप केल्यावर फोटोचं काम बाजूला ठेवलं आणि प्रत्येक दुकानाची 'मागचीच ऑर्डर' दाखवायचं ठरवलं.

प्रयोग सुरू करण्याआधी काय लिहून ठेवायचं?

चार ओळी पुरतात. 'मागचीच ऑर्डर' दाखवणारं बटण करायचं ठरलं, त्याची आमची चिठ्ठी अशी होती :

आम्हाला वाटतं की दुकानदार नेहमीचाच माल शोधत बसतो आणि कंटाळून ऑर्डर अर्धवट सोडतो. 'मागचीच ऑर्डर' हे बटण दिलं तर रात्री आठनंतर अर्धवट राहणाऱ्या ऑर्डरी कमी होतील. तीन आठवडे बघू. कमी झाल्या तर हे पहिल्या स्क्रीनवर आणू; नाही झाल्या तर बटण काढून टाकू आणि रात्री दुकानात जाऊन बसू.

चौथी ओळ लिहिताना सगळे कुरकुरतात. दोन्ही निकालांनंतर तुम्ही तेच करणार असाल, तर तो प्रयोग करूच नका. सरळ फीचर बनवा आणि मोकळे व्हा. वेळ तरी वाचेल.

आमचे वापरकर्ते फार नाहीत. ए/बी टेस्ट करावी का?

आधी आकडेमोड करा. ढोबळ सूत्र सोपं आहे : सध्याच्या दराला (किती जण ते काम पूर्ण करतात, दशांशात) एक वजा दराने गुणा, त्याला १६ ने गुणा आणि तुम्हाला पकडायच्या फरकाच्या वर्गाने भागा. समजा १०० पैकी ५ जण ऑर्डर पूर्ण करतात आणि ते साडेपाच होतात का, हे बघायचं आहे. ०.०५ गुणिले ०.९५ गुणिले १६ म्हणजे ०.७६. त्याला ०.००५ च्या वर्गाने भागलं की ३०,४०० येतात. हे एका बाजूला! दोन्ही बाजू मिळून साठ हजारांवर माणसं. तुमच्याकडे आठवड्याला दीड हजार येत असतील तर चाळीस आठवडे थांबा.

तेच पाचाचे साडेसात होतात का हे बघायचं असेल, तर एका बाजूला १,२१६ पुरतात. त्यामुळे गिऱ्हाईक कमी असेल तर बटणाच्या रंगासारख्या बारीक गोष्टींच्या नादी लागू नका. मोठा, ठळक बदल करून बघा, किंवा दहा जणांना भेटा. लहान कंपनीने मोठ्या कंपनीचं डॅशबोर्ड उसनं आणलं की पाहुण्याचा कोट घालून फोटो काढल्यासारखं दिसतं.

दुसऱ्याच दिवशी टेस्टचा आकडा हिरवा झाला, म्हणजे नवी बाजू जिंकतेय. थांबवून जाहीर करू का?

नको. फसव्या विजयाची पाच टक्क्यांची मर्यादा ही ठरलेल्या वेळी एकदाच बघण्यासाठी असते. मधे मधे पाच वेळा डोकावलात आणि हिरवं दिसताच थांबलात, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना 'जिंकलो' म्हणायची शक्यता पाचावरून साधारण चौदा टक्क्यांवर जाते. दहा वेळा डोकावलात तर एकोणीसवर. डोकावायची सोय ठेवून केलेल्या संख्याशास्त्रीय पद्धतीही आहेत. त्या वापरत असाल तर खुशाल बघा. नुकसान होत असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच बंद करा.

किती प्रयोग यशस्वी व्हायला हवेत?

मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोगांची व्यवस्था उभी करणारे रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा हिशेब उघड मांडला आहे : साधारण एक तृतीयांश कल्पनांनी अपेक्षित आकडा सुधारला, एक तृतीयांशांनी काहीच केलं नाही आणि उरलेल्यांनी आकडा खाली नेला. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनसारख्या आधीच घासूनपुसून झालेल्या प्रॉडक्टमध्ये यशाचं प्रमाण १० ते २० टक्केच. तुमच्या टीमचे दहापैकी नऊ प्रयोग 'यशस्वी' होत असतील तर मला आनंदापेक्षा संशय जास्त येईल. एक तर तुम्ही आधीच माहीत असलेलं तपासताय, नाही तर मोजमापात घोळ आहे.

बिंगचीच दुसरी गोष्ट. जाहिरातीच्या मथळ्यात खालची ओळ जोडून तो लांब करायची एका कर्मचाऱ्याची कल्पना सहा महिन्यांहून जास्त काळ बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे कधीतरी करायच्या कामांच्या यादीत, धूळ खात होती. कोणालाच ती महत्त्वाची वाटली नव्हती. २०१२ मध्ये एका इंजिनीअरने काम थोडंच आहे म्हणून टेस्ट लावून टाकली. काही तासांत 'उत्पन्न अति वाढतंय, काहीतरी बिघडलंय' असा इशारा वाजला. बिघडलं काहीच नव्हतं. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं होतं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. मला या गोष्टीत पैशांपेक्षा ते सहा महिने जास्त टोचतात. प्राधान्यक्रम लावणारी माणसं हुशारच होती. अंदाज चुकतात ते हुशार माणसांचेही.

आमच्या फाउंडरना उत्तर आधीच माहीत असतं. काय करायचं?

वाद घालू नका. त्यांचं म्हणणं चिठ्ठीवर लिहून घ्या, आकड्यासकट. "सर, किती वाढेल असं वाटतं?" एवढंच विचारा. निकाल आल्यावर बोलायची गरज पडत नाही. आणि कधी कधी त्यांचं बरोबर निघतं, तेव्हा आपल्यालाही गप्प बसावं लागतं.

ॲमेझॉनच्या सुरुवातीच्या काळात तिथले इंजिनीअर ग्रेग लिंडन यांनी खरेदीच्या टोपलीतल्या वस्तूंवरून आणखी वस्तू सुचवायची कल्पना मांडली. मार्केटिंगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा विरोध होता : पैसे भरायला निघालेल्या माणसाचं लक्ष विचलित होईल. मुद्दा अगदीच वावगा नव्हता. लिंडन यांना त्यावर काम थांबवायला सांगण्यात आलं, तरी त्यांनी टेस्ट लावली आणि ती मोठ्या फरकाने जिंकली. तुम्ही साहेबांना डावलून टेस्ट लावा असं मी सांगत नाही. पण टेस्ट लावायला साहेबांची सही लागू नये, एवढी व्यवस्था प्रॉडक्ट हेडने करून ठेवावी.

कोणता आकडा मुख्य धरायचा?

ज्याच्या वाढण्याने गिऱ्हाइकाचं खरोखर भलं होतं तो. बिंगमध्ये एकदा एका बगमुळे शोधाचे निकाल फार वाईट यायला लागले. काय झालं? माणशी शोधांची संख्या १० टक्क्यांहून जास्त वाढली आणि माणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त! हवं ते सापडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते आणि वैतागून जाहिरातींवर क्लिक करत होते. फक्त हे दोन आकडे बघणाऱ्याने त्या दिवशी पेढे वाटले असते.

आमच्याकडेही 'ॲपमध्ये घालवलेला वेळ' हा आकडा काही महिने मिरवला गेला. दुकानदाराला वेळ घालवायला ॲप नको असतं. समोर गिऱ्हाईक उभं असतं.

निकाल खूपच भारी आला. विश्वास ठेवू?

आधी शंका घ्या. जो आकडा फार रंजक दिसतो तो बहुधा चुकलेला असतो, असा ट्वायमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम या धंद्यात आहे. पहिली तपासणी अगदी साधी : माणसं निम्मी-निम्मी वाटायची होती, तशी वाटली गेली का? ५०,००० आणि ५०,१०० असतील तर हरकत नाही. ५०,००० आणि ४८,००० असतील तर बाकीचे आकडे वाचूच नका. कुठेतरी माणसं गळताहेत. आमच्याकडे एकदा जुन्या अँड्रॉइड फोनवर नवी स्क्रीन उघडताच ॲप बंद पडत होतं, त्यामुळे त्या बाजूला फक्त चांगले फोन असलेली दुकानं मोजली जात होती. साहजिकच नवी स्क्रीन जिंकली.

सणासुदीत प्रयोग करावे का?

करा, पण निकाल कुठे लागू करताय ते बघा. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात रवा, मैदा, बेसन, तेल असं उसळतं की काहीही फीचर टाका, ऑर्डरी वाढलेल्याच दिसतात. चिठ्ठ्या टाकून दोन बाजू केल्या असतील तर सण दोन्हीकडे सारखाच येतो. 'आधी आणि नंतर' अशी तुलना करणारा मात्र पुरता फसतो. आणि गणपतीत जिंकलेली गोष्ट पितृपक्षात तशीच चालेल असं गृहीत धरू नका. टेस्ट नेहमी पूर्ण आठवड्यांची ठेवा. सोमवारची ऑर्डर आणि शनिवारची ऑर्डर यांची जातच वेगळी.

वेगाने प्रयोग केले तर काहीतरी मोडेल, अशी भीती वाटते.

वाटलीच पाहिजे. म्हणून फीचर फ्लॅग (नवी सोय चालू-बंद करायचा कोडमधला स्विच) लावा, आधी एक टक्का लोकांना दाखवा, आणि एका क्लिकवर मागे घेता येतं की नाही हे मागे घेऊन बघा. 'घेता येतं' असं कागदावर लिहिलेलं पुरत नाही. जुने फ्लॅग मात्र वेळेवर काढून टाका. नाइट कॅपिटल या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीने आठ सर्व्हरपैकी सातांवरच नवा कोड टाकला आणि जुना, निवृत्त झालेला फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

वापरकर्त्यांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करणं बरोबर आहे का?

बटण कुठे ठेवायचं यासाठी प्रत्येक वेळी परवानगी मागत बसावं, असं मला वाटत नाही. पण रेषा आहे. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ जणांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर कमी-जास्त करून लोकांच्या लिहिण्यावर परिणाम होतो का ते बघितलं. जून २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला आणि गदारोळ उठला. माझी कसोटी साधी आहे : हा प्रयोग दुकानदाराला तोंडावर सांगताना जीभ अडखळेल का? अडखळत असेल तर करू नका. शिवाय भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. गोळा केलेली माहिती कशासाठी घेतली हे सांगावं लागतं, तेव्हा वकिलाला शेवटी नव्हे, आधी विचारा.

किमतीवरचे प्रयोग तर फारच जपून. आधीच्या एका कंपनीत आम्ही डिलिव्हरीच्या शुल्कावर टेस्ट लावली होती, दुकानं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन दुकानांना वेगळं शुल्क लागलं. संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट व्यापारी संघटनेच्या ग्रुपवर, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या दुकानात उभा. "आम्ही चाचणी करत होतो," हे वाक्य तिथे किती पोकळ वाटतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून वाटणी गल्लीनिहाय, आणि किमतीला हात लावायचा तर सगळ्यांना आधी सांगून.

सगळ्याच गोष्टी टेस्ट करायच्या का?

नाही. डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ मध्ये गूगल सोडलं तेव्हा निळ्या रंगाच्या ४१ छटांची टेस्ट झाल्याचं उद्वेगाने लिहिलं होतं. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१५ च्या भागधारक-पत्रात निर्णयांचे दोन प्रकार केले : परत फिरता येणारे आणि न येणारे. परत फिरता येत असेल आणि खर्च किरकोळ असेल, तर करून टाका. परत फिरता येत नसेल, तर आधी लहान, स्वस्त प्रयोग शोधा.

एआयमुळे प्रोटोटाइप (दाखवण्यापुरता कच्चा नमुना) तासाभरात होतो. मग हे सगळं जुनं झालं का?

बनवणं स्वस्त झालं. दुकानात जाऊन बसणं होतं तेवढंच महाग आहे. दहा प्रोटोटाइप तयार असतात आणि ते दाखवायला एकही दुकानदार गाठलेला नसतो, हे हल्ली वारंवार बघतो. शिवाय फीचरच एआयचं असेल तर एकाच प्रश्नाला दोनदा वेगळं उत्तर येऊ शकतं, तेव्हा खऱ्या वापरातली शंभरेक उदाहरणं आणि त्यांची अपेक्षित उत्तरं आधी जमवा. आमच्याकडे दुकानदारांच्या त्या फोटोतल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, त्या इथे कामी आल्या.

प्रयोगांची नोंद कुठे ठेवायची?

एका साध्या एक्सेल शीटमध्ये. रकाने पाचच : काय वाटत होतं, काय केलं, काय दिसलं, काय ठरवलं, कोणी ठरवलं. पहिला रकाना निकाल लागल्यावर कोणालाही बदलू देऊ नका, मलाही नाही. दर वर्षी टीममध्ये कोणीतरी नवीन येतं आणि उत्साहाने 'फोटोवरून ऑर्डर' सुचवतं. मी त्यांना चौदावी ओळ उघडून वाचायला देतो. यंदा आलेल्या मुलीने ती वाचली, जरा वेळ शांत बसली आणि विचारलं, "ते दिवाणजी अजून असतात का पेढीवर?" असतात. परवा ती त्यांच्याकडे जाऊन आली.